भेटीच्या रविवारची पोटदुखी

वत्सला,

तुझा तो फोटो कोणी निवडला गं? वलगावला तुमच्या अंगणात खुर्चीवर ठेवला होता, झेंडूचा हार घालून. डोक्यावर नर्सची टोपी, हनुवटी वर, नजर कुठेतरी कॅमेऱ्याच्या पलीकडे. जो तो म्हणत होता, "काय रुबाब होता सिस्टरचा!" मी मागे उभी राहून बघत होते आणि मनात म्हणत होते, ही बाई कोण? मला ठाऊक असलेली वत्सला जमिनीवर फतकल मारून बसायची, दातात कंगवा धरून दोन्ही हातांनी कुणाची तरी वेणी सोडवायची, आणि मध्येच बोलायला लागली की कंगवा खाली पडायचा. तसा फोटो कोण काढणार म्हणा.

आता अकोल्याला परत आले आहे. आज रविवार. फाटकाची कडी वाजली की मी अजून मान वर करते आणि धोबी निघतो. सकाळी स्वयंपाकीणबाईंवर उगाच खेकसले, भाजीत मीठ बरोबर होतं तरी. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमाले भांडाले कोनी नाई ना आता." म्हातारी खोटं बोलली नाही. मला करमत नाही, वत्सला. पोरींच्या तोंडून हे दोन शब्द काढायला तू किती खटपटी करायचीस! मी आपणहून सांगते आहे. तुझ्याशी बोलायचं बरंच राहून गेलं आहे. शिवाय तू तुझ्या गावाला जे सांगणार होतीस आणि मी जे सांगू नकोस म्हणत होते, त्याचं पुढे काय झालं तेही तुला कळायला हवं.

तू पहिल्यांदा आलीस तेव्हा महाराष्ट्र नुकताच झाला होता आणि आमच्या मुलींच्या वसतिगृहाच्या फाटकावर अजून जुन्या राज्याचीच पाटी होती. मी इथली गृहप्रमुख. मोर्णेकाठच्या भाजीवाल्या माळ्याची मुलगी, नवऱ्यानं टाकलेली, मग शिकून बाई झालेली आणि तोंडानं तिखट म्हणून गावभर ठाऊक असलेली. माझ्या ताब्यात तेरा ते सतरा वर्षांच्या पोरी. बहुतेक जणी खेड्यातल्या, नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरांमधल्या, आपल्या वस्तीतून हायस्कुलात आलेल्या पहिल्याच. मला वाटलं, तू उवा तपासायला आली आहेस. अमरावतीच्या नर्सिंग शाळेत शिकवणारी सिस्टर आणखी कशाला येणार? तू पिशवीतून छापील प्रश्नांचे कागद काढलेस आणि म्हणालीस, या वयाच्या मुलींच्या एकटेपणाचा अभ्यास करते आहे. मला हसू आवरेना.

"इथं एका छपराखाली पन्नास पोट्ट्या झोपतात," मी म्हटलं. "आंघोळीले लाइन, जेवाले लाइन. एकटं राहाले जागा कुठं हाये?"

"तेच पाहाले आली, बाई," तू म्हणालीस.

दिल्लीला जाऊन पुढचं शिकून आलेली म्हणजे छापील बोलणार असा माझा समज होता. तू तर माझ्यापेक्षा अस्सल वऱ्हाडी निघालीस. तिथेच मी थोडी नरमले.

दवाखान्यात या वयाच्या मुली यायच्या, हे तू मला हळूहळू सांगितलंस. पोट दुखतं, डोकं दुखतं, छातीत धडधडतं. तपासून काही सापडायचं नाही. नखरे आहेत म्हणून रंगीत औषध देऊन त्यांना परत पाठवत. तू त्यांच्यामागून व्हरांड्यात जायचीस आणि विचारायचीस, घरी कोण आहे, दिवसभर कुणाशी बोलतेस. एका डॉक्टरांनी म्हणे सगळ्यांसमोर विचारलं होतं, "सिस्टर, एकटेपणाचा थर्मामीटर काखेत लावता की जिभेखाली?" मला हे सांगताना तू खो खो हसलीस. मी हसले नाही. त्या डॉक्टरला दोन शब्द सुनावायला मी पायात चप्पल घातली होती. तूच हाताला धरून खाली बसवलंस.

तुझे छापील कागद पोरींनी भरले. तुला एकटं वाटतं का? नाही. कुणाजवळ मन मोकळं करावंसं वाटतं का? नाही. अक्षर कित्त्यासारखं सुंदर आणि सगळ्यांचं उत्तर एकच. तू माझ्या खोलीत येऊन ते कागद चाळत बसलीस. तुझा चेहरा बघून मला वाईट वाटलं, पण जिभेला हाड कुठे? मी म्हटलं, "पाह्य, माह्या पोरी सुखी हायेत. जाय आता घरी."

"काहून वं शांते, पोरी तुले घाबरतात का मले?" हे तू मला पहिल्यांदाच 'शांते' म्हणालीस. बाईवरून शांतेवर यायला आधी भांडण व्हावं लागलं, हे आपलं दोघींचं पहिल्यापासूनच असं.

पुढच्या रविवारी तू कागद आणलेच नाहीस. कंगवा, फणी आणि तेलाची बाटली घेऊन आलीस. उवा बघते म्हणालीस आणि ओसरीवर भिंतीपासून थोडी दूर बसलीस. एकेक पोरगी तुझ्या पुढ्यात, पाठ तुझ्याकडे, तोंड भिंतीकडे. इतर जातींतल्या एकदोघींनी सुरुवातीला तुझ्या हाती डोकं द्यायला कां-कूं केली. का, ते तू विचारलं नाहीस आणि मीही सांगितलं नाही. दोघींनाही ठाऊक होतं. महिन्याभरात त्याच पोरी आपला नंबर आधी लागावा म्हणून भांडत होत्या.

"तोंड दिसलं का पोरी आपल्याले बरं वाटन असंच बोलतात," तू मला म्हणालीस. "पाठमोरी बसली का मंग मनातलं निंगते."

आणि निघालं. मी आत भिंतीआड तांदूळ निवडत बसायचे आणि कान तुमच्याकडे असायचे. तुला ते माहीत होतं. एकीचं बोलणं अजून कानात आहे. "सिस्टर, मले करमत नाई. पन कोनाले सांगजा नका." तू विचारलंस, काहून? ती म्हणाली, "साऱ्या वस्तीनं मले इथं धाडलं. गावात पोट्ट्यायले माह्यं नाव सांगून शिकवतात. म्या रडली त सारे खाली पाहतीन." मी हातातलं सूप खाली ठेवलं. वसतिगृहात वर्षानुवर्षं राहून मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी म्हटलं असतं, चल, अभ्यास कर.

मग कमलची पोटदुखी आली. कमल मूर्तिजापूरकडची, उंच, हुशार, मॅट्रिकच्या आदल्या वर्गातली. तिची वस्ती भेटीच्या रविवारी दोन खाचरं, म्हणजे बैलगाड्या, भरून यायची. म्हातारे, बाया, कडेवरची लेकरं, सगळे. कमलला मधोमध बसवायचे. पेपर वाच, म्हणायचे. इंग्रजी बोलून दाखव. एक आजोबा दर वेळी तिच्याकडून आपलं नाव एका चिटोऱ्यावर लिहून घ्यायचे आणि घडी करून टोपीत ठेवायचे. कमल वाचायची, हसायची, प्रत्येकाच्या पाया पडायची. तिची आई मागे निंबाच्या झाडाखाली पदर दातात धरून उभी असायची, आणि बैल जुंपायची वेळ झाली की पुढे येऊन लेकीच्या गालावरून एकदा हात फिरवायची. एवढंच तिच्या वाट्याला यायचं. संध्याकाळी खाचरं गेली की कमल पोट धरून आडवी.

माझं निदान तयार होतं. पातोड्या आणि लाडू हादडले, दुसरं काय? भेटीच्या रविवारी मी ओव्याची बरणी दुपारीच काढून ठेवायचे. तू दोन-तीन महिने हे पाहिलंस आणि मग एकदा विचारलंस, "शांते, तिनं खाल्लं काय, ते पाह्यलं का तू?" आपण दोघींनी तिची ट्रंक उघडली. गावाहून आलेले लाडू तसेच्या तसे होते. काहींना मुंग्या लागल्या होत्या.

ज्यांना भेटायला कुणीच यायचं नाही त्या पोरी त्या दिवशी रडायच्या, रुसायच्या आणि संध्याकाळी लंगडी खेळायला लागायच्या. पोट दुखायचं ते कमलसारख्यांचं, ज्यांच्याकडे अख्खी वस्ती यायची. तू ते माझ्यासमोर मांडलंस तेव्हा मी मानलं नाही. माणसं आल्यावर कुणी एकटं कसं होईल? उलटीच गंगा. तू म्हणालीस, "ती साऱ्यायची झाली. साऱ्यायले हासून दाखवा लागते तिले. मायजवळ रडाले टाइम कुठं भेटते?"

उपायही तुझाच. भेटीच्या दिवशी पहिला अर्धा तास फक्त आई, आईच नसेल तर जी कुणी जवळची असेल ती. वसतिगृहाच्या कोठीत, दार लावून. बाकीच्यांनी तोवर ओसरीवर बसायचं.

त्यावर आपलं जे भांडण झालं त्याची आठवण मला आजही चैन पडू देत नाही, कारण त्यात तूही बरोबर होतीस आणि मीही. मी म्हटलं होतं, "ही माणसं जलमभर शाळेच्या, देवळाच्या, पाटलाच्या दाराबाहेर बसली. आता आपल्याच पोरीच्या दारी त्यायले बाहेर बसवाचं? अन् हे तू म्हनून राहिली? तू?" तुझा चेहरा उतरला. तू कंगवा पिशवीत टाकलास आणि न जेवता स्टेशनवर गेलीस. तो आठवडा मला फार वाईट गेला. पुढच्या रविवारी तू येणार नाहीस असं धरून मी चहासुद्धा एकटीपुरता टाकला. तू आलीस, माझ्याच कपातला अर्धा चहा बशीत ओतून घेतलास आणि म्हणालीस, "बाहेर बसवनं येगळं, शांते, अन् आपल्या मानसासाठी थांबनं येगळं. कोनीतरी सांगतलं पाह्यजे त्यायले." मी साखरेचा डबा पुढे सरकवला आणि म्हटलं, "साखर अजून पाह्यजे का?"

एकदा करून बघू, एवढ्यावर मी आले. त्या रविवारी कमलची आई कोठीत गेली आणि दाराशी स्टूल टाकून मी बसले. काय काय ऐकलं म्हणून सांगू! टोपीत चिटोरी ठेवणारे आजोबा तर माझ्याशी हमरीतुमरीवर आले. मीही कमी पडले नाही. तू ओसरीवर सगळ्यांना पाणी देत फिरत होतीस, हात जोडत होतीस. आत मात्र चिडीचूप. बोलण्याचा आवाज नाही, रडण्याचा नाही. वेळ संपली तशी मी दार ढकललं. कमल तुरीच्या पोत्याला पाय लावून आईच्या मांडीवर गाढ झोपली होती. आई तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती आणि तिनं मला तोंडावर बोट ठेवून दाखवलं.

"एवढ्या दुरून आलो ते पोरीले झोपेल पाहाले काय?" आजोबा ओरडले. तेही काही खोटं नव्हतं. पण त्या संध्याकाळी कमलनं ताटातली भाकरी संपवून आणखी एक मागितली. ओव्याची बरणी फळीवरच राहिली. तू माझ्याकडे बघून भुवया उडवल्यास, आणि जिंकलीस म्हणून मला तुझा रागही आला आणि तुला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. भांडी आवरायला गेले.

पुढे तक्रार झालीच. सिस्टर मोठी झाली, आता आपल्यालाच दार लावते, असं लोक बोलले. वसतिगृह चालवणाऱ्या समितीनं कोठीतली भेट बंद केली. मला आतून हायसं वाटलं, हे तुला कळलंच असणार. तू खचली नाहीस. तू म्हणालीस, चूक माझीच, मी लोकांना विचारलं नाही, दार आधी लावलं आणि कारण नंतर सांगितलं. आता वलगावला जाऊन माझ्याच माणसांपुढे उभी राहते आणि त्यांना सांगते. माझं गाव ऐकेल, मग बाकीची ऐकतील.

त्यावरचं आपलं शेवटचं भांडण बडनेऱ्याच्या फलाटावर झालं. मी एका लग्नाला अमरावतीला आले होते आणि तू मला अकोल्याच्या गाडीत बसवायला आली होतीस. मी तुला विनवलं, वत्सला, नको. या लोकांजवळ अभिमान धरायला दुसरं आहे काय? पोरगी शिकते, नर्स होते, मास्तरीण होते, ती त्यांना डोळे भरून बघायची असते. तू त्यांना सांगणार की तुमच्या या बघण्यानंच ती एकटी पडते? ती माणसं मोडतील.

"आनंद त्यायचा, अन् पोट पोरीचं दुखन?" तू म्हणालीस. "सुई टोचल्याबिगर औषध आत कसं जाईन वं?"

"तू सुयाच टोचत फिर जलमभर."

"अन् तू ओवाच वाटत राह्य."

गाडी हलली. तू खिडकीबरोबर चार पावलं चाललीस आणि ओरडलीस, "रैवारी येते, मंग सांगते तुले!" तेव्हाच तुझा चेहरा पार सुकलेला होता. मी विचारलंही होतं. तू उन्हावर ढकललंस.

तू आलीच नाहीस. कावीळ झाल्याचा निरोप आला तेव्हा ती पार भिनली होती. तुझ्याच दवाखान्यात, तुझ्याच वॉर्डात तुला ठेवलं होतं. मी पोचले तर खाटेभोवती ही गर्दी. तुझ्या विद्यार्थिनी, जुने पेशंट, वलगावची माणसं. दारातल्या मुलीनं मला विचारलं, आपण कोण? काय सांगायचं मी? बहीण नव्हे, नातेवाईक नव्हे, तुझ्या जातीगोतातली नव्हे, दवाखान्यातलीही नव्हे. मी म्हटलं, ओळखीची. तिनं मला खाटेच्या पायथ्याशी उभं केलं. तू प्रत्येकाकडे बघून ओठ हलवत होतीस, त्या अवस्थेतही सगळ्यांना बरं वाटावं म्हणून हसत होतीस. माझ्याकडे बघितलंस तेव्हा मात्र हसली नाहीस. डोळे मिटून घेतलेस. मला जवळ बसायचं होतं, वत्सला. या सगळ्यांना एकदा बाहेर काढा आणि मला हिच्याजवळ बसू द्या, असं ओरडायचं होतं. मी ओरडले नाही. आयुष्यभर ओरडले आणि नेमकी तिथे गप्प राहिले, आणि दोन दिवसांनी तू गेलीस.

आता वलगावचं. अंगणात माणूस मावत नव्हतं. त्रिशरण झालं, मग भाषणं. समाजाचं भूषण, गावाचा दिवा, आमची सिस्टर. सगळं मनापासून होतं, म्हणून त्याला नावं ठेवणार नाही. तुझे बाबा पांढऱ्या धोतरात पुढे बसले होते. प्रत्येक बोलणारा आधी त्यांचे हात हातात घ्यायचा आणि ते ताठ बसून मान हलवायचे. तुझी आई कुठे दिसेना. शेवटी कुणीतरी पुकारलं, अकोल्याच्या वसतिगृहाच्या बाई दोन शब्द बोलतील.

मी उठले तोवर माझं काही ठरलं नव्हतं. तुझी दोन-चार कौतुकं सांगून बसले असते तर सगळ्यांना आवडलं असतं आणि माझंच म्हणणं खरं झालं असतं. पण मी न बोलता बसले असते तर तुझं ते सगळं काम, त्या पाठमोऱ्या पोरी, कमलचे मुंग्या लागलेले लाडू, सगळं त्या हाराखाली कायमचं गेलं असतं. तू असतीस तर तू बोलली असतीस आणि मी मागे बसून दातओठ खाल्ले असते. आता तुझ्या बाजूनं बोलायला कुणी उरलं नव्हतं. मग मीच बोलले.

"तुमच्या सिस्टरनं एक गोष्ट शोधली होती, ती तुमाले सांगाची राह्यली," मी म्हटलं. "ती माह्या तोंडून आयका. माह्याशी याच गोष्टीवरून ती भांडली. मले पटत नोतं. आजबी सारं पटते असं नाई." मग मी कमलचं नाव न घेता सगळं सांगितलं. पेपर वाचून दाखवणं, पाया पडणं, निंबाखालची आई, पोटदुखी. "तुमी पोरीवर जीव लावता. पन सारे मिळून लावता, अन् तिले एकटीले कोनाजवळ बसता येत नाई. पोरगी शिकली म्हनून तिले रडू येत नाई असं नाई. भेटाले गेले का तिच्या मायले आंधी आत जाऊ द्या. तुमी थोडं थांबा. कोनी तुमाले बाहेर बसवत नाई. पोरीसाठी थांबा."

अंगणातल्या माना खाली गेल्या. एक लेकरू रडायला लागलं, त्याला आईनं पदराखाली घेतलं. मला वाटलं, झालं, मोडली माणसं, मी म्हटलं होतं तसंच झालं. मग तुझ्या बाबांनी मान वर केली. इतका वेळ ताठ होते, ते एकदम म्हातारे दिसले.

"म्हंजे बाई," ते म्हणाले, "आमच्या वत्सलीलेबी असंच वाटे काय?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती. तू मला हजार गोष्टी सांगितल्यास, ही सांगितली नव्हतीस.

"वाटे," मागून आवाज आला. तुझी आई. स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हाताला राखुंडी लागलेली. इतकी माणसं घरी आलेली आणि ती आत भांडी घासत होती. "मले सांगतलं होतं तिनं."

सगळ्यांच्या माना वळल्या. तिनं कुणाकडे पाहिलं नाही, तुझ्या बाबांशीच बोलली. "ती आली का तुमी तिले बाजेवर बसवा. सारं गाव सिस्टर, सिस्टर करे. भांड्याले हात लावू देत नोतं कोनी. मंग ती मांगच्या दारानं माह्याजवय येऊन बसे. म्हने, माय, मले थोडं रागवत जाय वं. जिथं जातो तिथं मानच देतात मले. कोनी रागवत नाई."

"मंग?" तुझ्या बाबांनी विचारलं.

"मंग काय? मी रागवो. केस पाह्य कसे झाले, हाडकं निंगाले, लगन नाई केलं, सारं काढो. लय बरं वाटे तिले." तिनं मनगटानं डोळे पुसले. राख गालाला लागली. "एक डाव म्हने, माय, अकोल्याले एक बाई हाये, ती मले फुरसतीनं रागवते. म्हनून रैवारी तिथं जातो मी." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तुमीच ना?"

"हो," मी म्हटलं. "मीच."

तुझे बाबा उठले, तिच्यामागून आत गेले आणि दार लोटून घेतलं. अंगणात तेवढी माणसं होती, वत्सला, पण कुणी दार वाजवलं नाही, कुणी हाक मारली नाही. सगळी बसून राहिली. पुढे बोलायला आलेले एक पुढारी घड्याळ बघायला लागले तर एका म्हातारीनं त्यांना हातानं खाली बसवलं. आत काय चाललं होतं ते बाहेर ऐकू आलं नाही. ती दोघं बाहेर येईपर्यंत आम्ही सगळे थांबलो.

तर असं झालं. आपलं भांडण तू जिंकलीस की मी, ते मला अजून कळलेलं नाही. इतकी वर्षं मला वाटायचं, तू माझ्याशी वाद जिंकायला येतेस, माझं मन वळवायला येतेस. मी आपली दर रविवारी नव्यानं मुद्दे काढून ठेवायची. तू कशासाठी येत होतीस ते तुझ्या आईकडून कळावं लागलं मला. बरं झालं कळलं. आणि फार उशिरा कळलं म्हणून इतकं दुखतं आहे की लिहवत नाही.

म्हणून आता लिहीत नाही. मोठ्यानंच बोलते. पोरी ऐकतील तर ऐकू देत.

"काहून वं वत्सले, अक्कल गहाण ठेवली होती काय तू? साऱ्या दुनियेच्या पोरीयचं पोट काहून दुखते, ते शोधत फिरली, अन् सोताचे डोये पिवये झाले ते आरशात पाहाले टाइम नाई भेटला तुले? म्हने नर्स! ऊन लागलं म्हने! मले उल्लू बनवते? अन् रैवारी येते म्हनून कोनी असं जाते काय? बस इथं. खाली पाहू नको. माह्यं अजून झालं नाई."